तोंडात उरलेला ठनठनीत

आमच्या यांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि सगळे शब्द गेले. एक सोडून. तोही गेला असता तर बरं झालं असतं, असं मी त्या वर्षात किती वेळा म्हटलं असेल ते देवालाच ठाऊक. निदान लोक गप्प बसले असते. उरलेला शब्द होता ‘ठनठनीत’.

पुस्तकात तो ‘ठणठणीत’ लिहितात. बाहेरून परीक्षा देऊन का होईना, मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, एवढं मला कळतं. पण चिखलीच्या बाजारात उभं राहून ‘ण’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्याकडे पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. आणि तब्येत कशी आहे म्हणून विचारलं की ठनठनीत.

यांना तर ही सवयच. भांड्यांचं दुकान होतं आमचं. लग्नसराई आली की आजूबाजूच्या खेड्यांतून जीपा भरभरून माणसं यायची, मुलीच्या आंदणाची भांडी घ्यायला. आंदणात फुटकं भांडं गेलेलं कोणाला खपत नाही. त्यामुळे हे प्रत्येक नग गिऱ्हाइकासमोर वाजवून द्यायचे. तांब्या तळहातावर धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर त्याच्यावर मारायचं आणि मान कलती करून ऐकायचं. भांडं धड असलं की ठन्न करून आवाज निघायचा आणि हवेत थोडा वेळ रेंगाळायचा. कुठं केसाएवढी चीर असली, डोळ्याला दिसत नसली तरी, बद्द. असं भांडं लगेच मोडीच्या पोत्यात जायचं. धड निघालं की हे म्हणायचे, “ऐकलं ना? ठनठनीत हाये.”

तेच मग माणसांनाही लागू. बाहेरून कोणी जाता जाता हाक मारली, “कसं काय शेठ?” की आतून उत्तर तयार, “ठनठनीत!” ताप असो, दाढ सुजलेली असो. एकदा म्हटलं, अंग फणफणलंय अन् ठनठनीत काय सांगता? तर म्हणे, “अवं, दुकानदारानं रडगानं लावलं तं त्याच्या दुकानात कोन चढंल?”

मी शिकत होते तेव्हा एकदा हौसेनं शब्दकोश काढून बसले. ठणठण वाजणारं ते ठणठणीत. म्हणून तडा न गेलेलं. म्हणून निकोप, धडधाकट. तंदुरुस्त फारसीतून आलाय, तन म्हणजे अंग आणि दुरुस्त म्हणजे नीट. निरोगी संस्कृतातला. ठणठणीत मात्र भांड्यातून आला. आधी भांडं ठणठणीत झालं आणि मग त्याच्यावरून माणूस. मला इतका आनंद झाला की दुकानात गिऱ्हाईक असतानाच मी हे यांना सांगितलं. ते म्हणाले, “असं हाय काय! मंग मान्साले बी वाजून घेतलं पायजे.” आणि माझ्या डोक्यावर पेर वाजवून म्हणाले, “हे तं बद्द हाये.” गिऱ्हाईक बाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी दोन दिवस बोलले नाही यांच्याशी.

असो. लकव्यानंतर यांना बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांनी वाकून विचारलं, “काका, कसं वाटतंय?” आणि हे वाकड्या तोंडानं, पण अगदी स्पष्ट म्हणाले, “ठनठनीत.” मी तिथंच रडायला लागले. वाटलं, आला माणूस परत. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन दाखवून विचारलं, हे काय आहे? ठनठनीत. माझ्याकडं बोट केलं, ह्या कोण? ठनठनीत.

बाहेर येऊन त्यांनी मला नीट समजावलं. मेंदूचा बोलण्याचा भाग गेला की कधी कधी तोंडाच्या सवयीचा एखादा शब्द मागं राहतो. माणूस पाणी म्हणायला जातो आणि तोच शब्द बाहेर पडतो. “मानेवरही विसंबू नका,” ते म्हणाले. “हो म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणून हलते.” मी विचारलं, पण त्यांना आपलं बोलणं समजतं ना? ते म्हणाले, किती समजतं ते आज सांगता येणार नाही.

घरी आणलं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बाजारातला माणूस, ओळखी रगड. येणारा प्रत्येक जण खाटेपाशी उभा राहून तेच विचारायचा. दुसरं काही विचारायला कोणाला सुचतच नाही का हो? “कसं काय शेठ?” आणि हे जोरात, “ठनठनीत!” झालं. माणूस खूश. “माय वं, हे तं मस्त बोलून राह्यले की! तुमी तं म्हनत होत्या, बोलनं गेलं!” मी समजावून सांगायला जायचे, तर मलाच शहाणपण शिकवायचे. चहा प्यायचे आणि बाजारात जाऊन सांगायचे, शेठ ठनठनीत आहेत म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दाराला कडी घालून बसावं असं वाटायचं. पण आजाऱ्याच्या घराला दिवसा कडी घालत नाहीत आमच्याकडे.

आणि ते गेले की आम्ही दोघंच. नाकावर माशी बसली, ठनठनीत. तहान लागली, ठनठनीत. भूक, लघवी, पाठ अवघडली, सगळं ठनठनीत. मी तांब्या दाखवायचे, ते मान हलवायचे. पाणी तोंडाला लावायचे, तर थुंकायचे. मग मी उशी सरकवायचे, पंखा लावायचे, चादर काढायचे, परत घालायचे. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी कपाळाला हात लावून खाली बसायचे. चाळीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचं सगळं न सांगता कळतं, असा माझा ताठा होता. कशाचं काय! काही म्हणजे काही कळत नव्हतं.

एका सकाळी हे सारखं ठनठनीत म्हणायला लागले. एकामागून एक, आवाज चढवत. यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भासरे, समोर बसले होते. ते म्हणाले, “आज गडी खुशीत हाये.” शेजारचे आले, त्यांनाही तसंच वाटलं. मला वाटत नव्हतं, पण काय होतंय ते सांगता येईना. दुपारी कपाळावर घाम फुटला तेव्हा मी रिक्षा बोलावली. गावातल्या डॉक्टरांनी सदरा वर केला, पोटावर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताच्या बोटानं वरून खाली ठोकत आले. बेंबीच्या खाली आवाज बसला. “लघवी तुंबलीय,” ते म्हणाले, “सकाळपासून केवढ्या वेदना झाल्या असतील यांना!” नळी घातली. हे डोळे मिटून पडले आणि हळू, अगदी हळू म्हणाले, ठनठनीत.

त्या दिवसापासून मी धास्तावले. जीव जाताना सुद्धा हा माणूस ठनठनीत म्हणेल आणि घरातले चहा पीत बसतील, हेच सारखं डोक्यात. मला जास्त नको होतं. गप्पा नकोत, माझं नाव नको, जे त्यांनी तसंही कधी घेतलं नाही. फक्त हो आणि नाही, एवढे दोन शब्द पाहिजे होते. रोज सकाळी खाटेवर समोर बसायचे आणि त्यांचा जबडा दोन्ही हातांत धरून म्हणायचे, म्हणा, ना-ई. जीभ वर लावा. ना-ई. ते माझ्या तोंडाकडे बघायचे, ओठ जुळवायचे, कपाळावरची शीर टरारून फुगायची. आता येतो, आता येतो असं वाटायचं आणि यायचा तोच मेला. एकदा माझ्या हातून पेला भिंतीवर गेला. “काऊन असा छळ मांडला माहा?” मी ओरडले. तर तेही माझ्यावर ओरडले. काय, ते सांगायला नकोच.

याच दिवसांत पोरगा पुण्याहून आला. नोकरी तिकडं, बायको-मुलं तिकडं. वाईट नाही माझा पोरगा, फक्त पुण्याला गेल्यापासून ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणतो आणि सगळं लवकर उरकायला बघतो. म्हणाला, “आई, दुकान बंद पडलंय. गिऱ्हाईक आलंय चांगलं. देऊन टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याकडं चला.”

मी म्हटलं, ज्याचं दुकान आहे त्याला विचार.

त्यानं विचारलं. पण कसं? आमच्या बाजाराच्या रिवाजानं. सौदा चार माणसांसमोर तोंडी ठरतो आणि एकदा शब्द गेला की गेला, मग कोणी मागं फिरत नाही. भासरे आले, दुकान घेणारा आला, शेजारचे दोघं आले. खाटेला उशा लावून यांना बसतं केलं, टोपी घातली. पोरानं हात हातात घेऊन विचारलं, “बाबा, दुकान देऊन टाकायचं का?”

मी दारातून ओरडले, थांबा रे!

“ठनठनीत,” हे म्हणाले.

“झालं!” भासरे म्हणाले. “चार मान्सात शब्द गेला.” घेणाऱ्यानं खिशातून पेढ्याचा पुडा काढला. तयारीनंच आला होता गडी. मी त्या पुड्यासकट सगळ्यांना बाहेर काढायला निघाले. म्हटलं, अरे, हा माणूस माशीलाही ठनठनीत म्हणतो! मला म्हणाला तर तुम्ही काय माझाही सौदा कराल? भासरे उठले, मला म्हणाले, “चार लोकात आमच्या भावाले येडं ठरवू नका.” आणि गेले. उंबऱ्यापर्यंत येऊन मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरात आल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी मान वर केली नव्हती.

पोरगा शांतपणे म्हणाला, “आई, बाबांच्या शब्दाला अर्थ नाही म्हणतेस ना? मग त्यांना दुकान द्यायचं नाहीये, हे तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, मला माहीत आहे. तो म्हणाला, “त्या दिवशी लघवी तुंबली, तेव्हा माहीत होतं?” रागानं नाही म्हणाला. पण काळीज चिरलं माझं.

दुकान गेलं, पोरगा पुण्याला परतला. घेणाऱ्यानं माल उचलला, फक्त मागच्या खोलीतली काही पोती उरली. हमालांनी ती आमच्या घरात आणून टाकली. धड आणि मोड एकत्र झालेली जुनी भांडी. चार-सहा दिवसांनी एका दुपारी मी खाटेशेजारी बसून ती निवडायला घेतली. खरं म्हणजे हाताला काहीतरी चाळा पाहिजे होता. हे बघत होते. मी एक तांब्या धड भांड्यांत ठेवला, तर हे चिडून म्हणाले, “ठनठनीत!” आणि डावा हात पुढं केला.

मी तांब्या त्यांच्या शेजारच्या स्टुलावर ठेवला. यांनी डाव्या हाताच्या बोटाचं पेर त्याच्यावर मारलं. मान कलती केली. बद्द. तोंड वेडंवाकडं करून तांब्या असा ढकलला की दाणकन जमिनीवर पडला. मी दुसरं भांडं ठेवलं. वाजवलं, ऐकलं, धड निघालं, ते जपून अलीकडं सरकवलं. तिसरं. चौथं. माझ्या डोळ्याला सगळी सारखीच दिसत होती. ते एकही चुकत नव्हते.

म्हणजे हा माणूस आत होता. सगळाच्या सगळा आत होता. भेटायला येणाऱ्यांची बडबड, त्या दिवशीचा सौदा, माझं आरडणं-ओरडणं, सगळं त्यानं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं. आणि आम्ही त्याला वगळून एकमेकांशी बोलत होतो.

मी पोत्यातून काशाची एक वाटी काढली, छान वाजणारी. एक पितळी गडवा, म्हणजे लहान तांब्या, काढला, चिरलेला. दोन्ही स्टुलावर ठेवले. म्हटलं, हे बघा. हो म्हणायचं असलं तर वाटी वाजवा, नाही म्हणायचं असलं तर गडवा. समजलं?

त्यांनी वाटी वाजवली.

मी विचारलं, तुम्ही बाई आहात का? गडवा. मी तुमची बायको ना? वाटी. चिखली समुद्रावर आहे? गडवा, आणि माझ्याकडं असं बघितलं की हिला लागलंय तरी काय. मी हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, नाक पुसायला पदर सापडेना. पोराला फोन लावावा असं वाटलं, पण उठायची हिंमत होईना. उठले आणि हे थांबलं तर?

मग विचारलं, काही दुखतं का हो?

वाटी. लगेच. मी विचारायची वाटच बघत असल्यासारखी. डोकं? गडवा. कंबर? गडवा. मी एकेक जागेला हात लावत गेले. उजव्या खांद्याला हात लावला मात्र, वाटी वाजली, परत वाजली, वाजतच राहिली. तो गेलेला हात. त्या हाताला काहीच समजत नसणार असं आम्ही धरून चाललो होतो. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच हाताला धरून आम्ही यांना ओढून बसतं करत होतो. मी, पोरगा, भासरे, सगळेच. आणि ते दरवेळी ओरडत होते, आणि आम्ही म्हणत होतो, आज आवाज कसा खणखणीत आहे.

त्या खांद्यावर तोंड ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. मग डोळे पुसले. म्हटलं, एक विचारते. तुम्हाला विचारलं त्या दिवशी, ते दुकान द्यायचं नव्हतं ना तुम्हाला?

माझं उत्तर तयार होतं. वाटी वाजली की पोराला आणि भासऱ्यांना बोलावून घेणार होते, त्यांच्यासमोर परत वाजवून दाखवणार होते.

त्यांनी गडवा वाजवला. मी परत विचारलं, नीट शब्द मांडून विचारलं. दुकान गेल्याचं वाईट वाटलं? गडवा. त्यांना दुकानाचं काहीच नव्हतं. मी उंबऱ्यापर्यंत जाऊन भांडले होते, ते माझंच होतं सगळं.

बरं, म्हटलं. मग पोराकडं जायचं का पुण्याला? गडवा. ठीक आहे. इथंच राहायचं, आपल्या घरात? मला वाटलं, आता तरी वाटी. गडवा. मी चिडले. म्हटलं, तिथं नाही, इथं नाही, मग कुठं जायचंय तुम्हाला? माझ्या माहेरी, वडनेरला? गडवा. दवाखान्यात? गडवा. “मंग काय पायजे तुमाले?” मी विचारलं. त्याचं उत्तर वाटी-गडव्यात बसत नव्हतं. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. डोळे अगदी कोरडे. असे शांत डोळे मी वर्षभरात पाहिले नव्हते.

एक प्रश्न उरला होता. तो काय आहे ते मला कळलं. विचारू नये असंही कळलं. पण वर्षभर मी या माणसाला म्हणत होते, सांगा, काहीतरी सांगा, आणि आता तो सांगायला बसला होता. मी नाही विचारलं तर कोण विचारणार होतं?

मी अगदी हळू विचारलं, “सुटायचं हाये काय हो?”

त्यांनी हात उचलला आणि वाटी वाजवली. घाई नाही, जोर नाही. ठन्न करून आवाज निघाला आणि खोलीत थोडा वेळ राहिला. मग त्यांनी परत हात उचलला.

मी वाटी ओढून घेतली. पोटाशी धरली, आवाज बंद होईपर्यंत दाबून धरली. त्यांचा हात स्टुलावर वाटी शोधत होता.

“थे नाई भेटनार,” मी म्हटलं. “थे सोडून काई बी मागा. बसली हावो मी इथं. मागा.”